कवाड लावल्याशिवाय चित्र नाही

कॅमेरा जे आहे तेच दाखवतो, आणि डोळा हा निसर्गाने घडवलेला कॅमेराच आहे. या दोन समजुती आपल्यात इतक्या मुरल्या आहेत की त्यांना समजूत म्हणावे असेही कोणाला वाटत नाही. शाळेच्या तक्त्यावर डोळ्याच्या आकृतीशेजारी कॅमेऱ्याची आकृती असते. वादात कोणी "माझ्याकडे फोटो आहे" म्हटले की वाद मिटतो. प्रवासाहून आलेला माणूस काय पाहिले ते सांगत नाही, फोन पुढे करतो.

माझे म्हणणे असे की या दोन्ही समजुती उथळ आहेत. त्या का उथळ आहेत हे कळण्याचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग म्हणजे हाताने बनवलेला कॅमेरा ऑब्स्क्युरा: अंधारी खोली किंवा अंधारा डबा, त्याला एक बारीक भोक, समोर पांढरा पडदा. शालेय विज्ञानात तो सूचिछिद्र प्रतिमाग्राहक म्हणून भेटतो, मेणबत्तीची ज्योत उलटी दाखवतो आणि परीक्षेत दोन गुण मिळवून देऊन कायमचा निघून जातो. तो त्याहून फार मोठ्या गोष्टी शिकवू शकतो. त्यांतल्या दोन मला इथे सिद्ध करायच्या आहेत. पहिली, चित्र प्रकाश आत घेतल्याने बनत नाही, प्रकाश अडवल्याने बनते. दुसरी, चित्र उमटले म्हणजे पाहणे झाले असे नाही. पाहणे तिथून पुढे सुरू होते.

हा युक्तिवाद मी अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यातील शनिशिंगणापूर समोर ठेवून करणार आहे. तिथे घरांना कवाडे नसण्याची परंपरा आहे, शनिदेवाला छप्पर नाही, आणि देवाच्या शिळेला डोळे-नाक-तोंड नाही. पाहणे म्हणजे काय हा प्रश्न विचारायला याहून नेमकी जागा मला महाराष्ट्रात दुसरी दिसत नाही.

१. उघड्या घरात चित्र कुठे जाते?

शिंगणापूरचे एखादे जुने घर डोळ्यांसमोर आणा. चौकट आहे, उंबरा आहे, कवाड नाही. फार तर पडदा, नाहीतर रात्री कुत्री शिरू नयेत म्हणून टेकवलेली फळी. दुपारचे लख्ख ऊन पडले आहे. अंगण, समोरचे झाड, रस्त्याने जाणारी माणसे यांच्यावरून उसळलेला प्रकाश चौकटीतून आत येतो आणि समोरच्या भिंतीवर पडतो. तरी भिंतीवर अंगणाचे चित्र दिसत नाही. भिंत नुसती उजळते.

प्रकाश कमी पडला म्हणून असे होत नाही. प्रकाश भरपूर आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे. भिंतीवरच्या कोणत्याही एका ठिपक्यापाशी झाडाच्या शेंड्याकडून प्रकाश येतो, बुंध्याकडून येतो, मातीकडून येतो आणि आकाशाकडूनही येतो. सगळ्यांनी एकाच ठिपक्यावर हक्क सांगितला की तो ठिपका कोणाचाच राहत नाही. उलट बाजूने पाहा. झाडावरच्या एका पानाचा प्रकाश चौकटीएवढा, म्हणजे तीन फूट रुंद आणि सहा फूट उंच, पट्टा होऊन भिंतीवर पसरतो. शेजारच्या पानाचाही तेवढाच पट्टा पसरतो, जवळजवळ त्याच जागी. हजारो पानांचे हजारो पट्टे एकमेकांवर चढतात आणि उरते ती नुसती पांढुरकी उजळण.

आता चौकट काळ्या पुठ्ठ्याने बंद करा, फटींना चिकटपट्टी लावा, आणि पुठ्ठ्याला करंगळीएवढे भोक पाडा. पानाचा पट्टा आता करंगळीएवढा झाला. शेजारच्या पानाचा पट्टा त्याच्या बाजूला पडू लागला. भिंतीवर झाड उभे राहिले, शेंडा खाली आणि बुंधा वर. बाहेरून नवे काहीच आत आलेले नाही. होते त्यातले जवळजवळ सगळे आपण बाहेर ठेवले. चित्राचा जन्म नकारातून झाला.

यातून निघणारी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कवाड नसलेल्या त्या घरातही चित्र होतेच. ते तीन फुटांनी फुगलेले होते, इतकेच. एखाद्या शांत दुपारी अशा घरात बसून नीट निरखले तर छताला अंगणातल्या मातीची छटा आलेली दिसते आणि जमिनीवर आकाशाचा निळसर थंड उजेड दिसतो, कारण खालचा प्रकाश वर जातो आणि वरचा खाली येतो. उलटे चित्र तिथे अखंड पडलेले असते. जगातल्या प्रत्येक भिंतीवर, प्रत्येक तळहातावर, या क्षणी समोरच्या सगळ्या जगाचे चित्र पडलेले आहे. फक्त ते दुसऱ्या असंख्य चित्रांत बुडालेले आहे. कॅमेरा चित्र निर्माण करत नाही. तो बाकीची चित्रे बाजूला सारतो.

बाजूला किती सारायचे, यालाही हिशेब आहे. भोक मोठे तर चित्र उजळ पण भुरकट. भोक लहान तर चित्र रेखीव पण मंद. भोक आणखी लहान करत गेलो तर एका हद्दीनंतर प्रकाश कडेला वाकून पसरू लागतो आणि चित्र पुन्हा भुरकटते. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या हद्दीचे गणित मांडले. त्यांच्या सूत्राने, भोकापासून पडदा दहा सेंटिमीटरवर असलेल्या डब्याला साधारण ०.४५ मिलिमीटरचे भोक योग्य ठरते. तीन मीटर खोल खोलीला साधारण २.४ मिलिमीटरचे. पूर्ण सुस्पष्ट आणि पूर्ण उजळ असे चित्र भोकाच्या कॅमेऱ्यात मिळतच नाही. एक मिळवायचे तर दुसरे सोडावे लागते. भिंगाने हा व्यवहार सुकर केला, रद्द केला नाही. भिंगवाल्याला एका अंतरावरचे स्पष्ट मिळते आणि पुढचे-मागचे सोडावे लागते. "कॅमेरा जे आहे तेच दाखवतो" म्हणणाऱ्याने हा व्यवहार कधी स्वतःच्या हाताने केलेला नसतो.

२. आकार भोकाचा नव्हे, सूर्याचा

शिंगणापूरची शिळा ज्यावर उभी आहे त्या चौथऱ्याजवळ कडुनिंब आहे, आणि त्याची सावली शिळेवर टिकत नाही, सावली धरणारी फांदी गळते, असे भाविक सांगतात. त्या श्रद्धेबद्दल मी इथे काही म्हणत नाही. कडुनिंबाखालच्या जमिनीकडे मात्र लक्ष वेधतो. पानांच्या फटी वेड्यावाकड्या असतात, तरी त्यांतून जमिनीवर पडणारे कवडसे गोल किंवा लंबगोल असतात. पान जमिनीपासून पाच मीटर उंच असेल आणि सूर्य डोक्यावर असेल तर कवडसा साडेचार सेंटिमीटरच्या आसपास भरतो, कारण सूर्याचे अंतर त्याच्या व्यासाच्या जवळपास १०८ पट आहे आणि कवडशाला तेच प्रमाण पाळावे लागते. आपण उन्हाचे ठिपके म्हणून ज्यांवर पाय देऊन जातो ती सूर्याची चित्रे असतात.

ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या प्रश्नसंग्रहात हाच प्रश्न आहे: चौकोनी फटीतून येणारे ऊन गोल का पडते, आणि ग्रहणात झाडाखाली चंद्रकोरी का दिसतात? उत्तर मिळायला तेराशे वर्षे लागली. कैरोत काम करणाऱ्या इब्न अल-हैथमने अकराव्या शतकाच्या सुरुवातीस ग्रहणाच्या आकारावर स्वतंत्र प्रबंध लिहिला आणि दाखवले की भोक पुरेसे लहान असेल तरच कोर दिसते, मोठे असेल तर कोर नाहीशी होते. मधली तेराशे वर्षे माणसे कवडसे पाहत होती, त्यांवरून चालत होती. चित्र पायाखाली होते आणि कोणी ते पाहिले नव्हते.

पुराणांत शनी हा सूर्य आणि छाया यांचा पुत्र. कॅमेरा ऑब्स्क्युरातल्या चित्राची वंशावळ याहून वेगळी सांगता येत नाही: ऊन आणि सावली दोन्ही हवीत, एकट्याने भागत नाही.

हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात पूर्वेच्या उंच गोपुराची उलटी प्रतिमा मागच्या बाजूच्या अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर पडते. महाराष्ट्रातून जाणारे शेकडो यात्रेकरू रोज ती पाहतात आणि उलटी सावली म्हणून नमस्कार करतात. ती सावली नाही. सावलीला फक्त कड असते. हिला आतले मजले आहेत, उजेड-अंधाराचे थर आहेत. दगडात एक फट आणि पुढे अंधारी खोली, एवढ्याने हे घडते. त्यात चमत्कार मानणारा आणि "त्यात काय, भौतिकशास्त्र आहे" म्हणणारा, दोघेही सारख्याच घाईने पुढे निघून जातात, याचे मला वाईट वाटते. दोघांनाही आपण काय पाहतो आहोत यापेक्षा त्याला कोणत्या खात्यात टाकायचे याची चिंता जास्त असते.

३. चित्र भिंतीवर आहे, पण दिसत नाही

आता युक्तिवादाच्या दुसऱ्या भागाकडे येतो. तो मला पहिल्यापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

तीन मीटर खोल खोलीला २.४ मिलिमीटरचे भोक पाडून आत बसलेल्या माणसाला पहिल्यांदा काय दिसते? काहीच नाही. बाहेर कितीही कडक ऊन असले तरी भिंतीवरचे चित्र पौर्णिमेच्या चांदण्याहूनही कितीतरी मंद असते. भोक १२ मिलिमीटरचे केले तर प्रकाश २५ पट वाढतो, रेखीवपणा जातो, आणि तरीही ते चांदण्यापर्यंत पोहोचत नाही. उन्हातून आलेल्या डोळ्याला अंधाराशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. पहिल्या दहा मिनिटांत मोठा फरक पडतो. पूर्ण तयारीला अर्धा तास किंवा त्याहून अधिक लागतो.

त्या वेळात जे घडते ते पाठ्यपुस्तकात नाही. आधी कळते ते हालणे. भिंतीवर काहीतरी सरकले एवढेच जाणवते. काय सरकले ते कळत नाही. मग उजळ-काळोखाचे पट्टे वेगळे होतात, आणि खालचा उजळ भाग आकाश असावा असा तर्क होतो. तर्क जमला की अचानक झाड दिसते, आणि एकदा दिसले की दिसायचे थांबत नाही. रंग सगळ्यांत शेवटी येतो, तोही फिका, कारण इतक्या मंद उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी जेमतेम काम करतात.

या सगळ्या वेळात भिंतीवरचे चित्र बदललेले नाही. पहिल्या सेकंदाला ते जसे होते तसेच विसाव्या मिनिटाला आहे. बदलला तो पाहणारा. चित्र तेच असून एकदा दिसत नाही, एकदा अर्धे दिसते आणि एकदा पूर्ण दिसते, तर पाहणे आणि चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य करावेच लागते. हा निष्कर्ष कोणाच्या तत्त्वज्ञानावर विश्वास ठेवून काढायचा नाही. पुठ्ठा, चिकटपट्टी आणि अर्धा तास धीर असलेल्या कोणालाही तो स्वतः काढता येतो. फोनच्या पडद्यावर हे कधीच कळणार नाही, कारण तिथे चित्र आधीच इतके उजळलेले, सारखे केलेले असते की पाहणाऱ्याला करायला काही उरत नाही.

४. उलट्या चित्राचा खोटा प्रश्न

"डोळ्यातल्या पडद्यावर चित्र उलटे पडते आणि मेंदू ते सरळ करतो." हे वाक्य आपण सगळ्यांनी पाठ केले आहे. ते चुकीच्या जागी उभे आहे.

खगोलशास्त्रज्ञ योहान्स केप्लरने १६०४ च्या ग्रंथात डोळ्यातल्या दृष्टिपटलावर उलटे चित्र पडते हे गणिताने दाखवले. अंधाऱ्या खोलीला कॅमेरा ऑब्स्क्युरा हे नाव त्याच ग्रंथाने दिले. उलटे चित्र पाहून केप्लर थांबला. पुढचा प्रश्न प्रकाशशास्त्राच्या हद्दीबाहेरचा आहे असे म्हणून त्याने तो तत्त्वज्ञांकडे सोपवला. ती सावधगिरी आपल्या पुस्तकांनी पाळली नाही. मेंदू चित्र सरळ करतो म्हणायचे तर मेंदूत दुसरा पडदा हवा, आणि त्या पडद्यापुढे बसून सरळ चित्र पाहणारा दुसरा कोणीतरी हवा. त्याच्या डोळ्यात चित्र पुन्हा उलटे पडणार. मग तिसरा. हा जिना कुठेच पोहोचत नाही.

खरा दोष प्रश्नातच आहे. चित्र उलटे, पण कशाच्या मानाने? खोलीत बसलेल्या माणसाला भिंतीवरचे झाड उलटे दिसते, कारण त्याला खोलीची जमीन आणि छतही दिसते. तुलना करायला चौकट आहे. दृष्टिपटलाकडे बाहेरून पाहणारा कोणी नाही, तुलना करायला तिथे दुसरे काही नाही. वर म्हणजे काय हे पटलाला माहीत नसते. ते शरीराला माहीत असते: हात उंच केला की कुठे जातो, पाय कुठे टेकतात, वस्तू सुटली की कुठे पडते.

याला प्रयोगांचा आधार आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज स्ट्रॅटन यांनी १८९६-९७ मध्ये जग उलटे दाखवणारी भिंगे स्वतःच्या डोळ्यावर बांधून वावरण्याचे प्रयोग केले. शेवटचा आठ दिवस चालला. सुरुवातीला हात भलतीकडे जात, पाणी ओतता येत नसे. दिवस गेले तसे हालचाली बिनचूक झाल्या. पुढे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की उलटा चष्मा लावलेली माणसे कामे बिनबोभाट करू लागतात, तरी चित्र मात्र सरळ होत नाही. म्हणजे मेंदूने चित्र फिरवले नाही; हातांनी त्या चित्राशी नवा करार केला.

भारतातला पुरावा याहून बोलका आहे. मेंदूवैज्ञानिक पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये उत्तर भारतातील जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात जन्मापासून अंध असलेली पाच मुले होती, वय ८ ते १७. हाताने चाचपलेली वस्तू आणि डोळ्यांना दिसणारी वस्तू एकच आहे का, हे त्यांना पट्टी निघाल्यावर लगेच ओळखता आले नाही. काही दिवसांतच येऊ लागले. भिंग ठीक झाले होते, पटलावर चित्र पडत होते; कॅमेरा पूर्ण झाला होता. पाहणे शिकायचे राहिले होते.

५. आपल्याकडे पुरावा आधी आला

डोळा म्हणजे कॅमेरा ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट का बसली, याचे एक कारण इतिहासात आहे. युरोपात कॅमेरा ऑब्स्क्युरा आधी आला आणि छायाचित्र नंतर. इटालियन विद्वान जांबात्तिस्ता देल्ला पोर्ताने १५५८ मध्ये त्याचे वर्णन लोकप्रिय केले, आणि दागेरची छायाचित्रणाची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली. मधली पावणेतीनशे वर्षे चित्रकार, अभ्यासक आणि नुसते हौशी लोक अंधाऱ्या खोलीत बसून हालते, न टिकणारे चित्र पाहत होते. चित्र वाहते असते, हे त्यांच्या अंगवळणी पडले होते.

महाराष्ट्रात क्रम बदलला. थॉमस आणि विल्यम डॅनियल हे इंग्रज चित्रकार काका-पुतणे १७९३ मध्ये मुंबईला आले, घारापुरी-कान्हेरीची लेणी त्यांनी रेखाटली, आणि त्यांच्या भारतभ्रमणात कॅमेरा ऑब्स्क्युरा बरोबर होता. पण तो त्यांच्या सामानाबरोबर आला आणि गेला. त्याच दशकात पुण्याचे गंगाराम तांबट ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी वेरूळची लेणी रेखाटत होते. या मुलखात पाहून काढणारा हात होता. अंधाऱ्या खोलीची सवय मात्र रुजली नाही, आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे उत्साही लोक तिच्यात आले, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला, तेव्हा आपल्या हाती थेट टिकणारे चित्र आले. इमारतींची नोंद, जातीजमातींची नोंद, कैद्यांची नोंद. कॅमेरा आपल्याला साक्षीदार म्हणूनच भेटला. त्याआधीची ओळख व्हायची राहून गेली, आणि ती शालेय पुस्तकातल्या मेणबत्तीपुरती उरली.

एक माणूस या उणिवेपलीकडे गेला. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये भांडवल उभे करण्यासाठी कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीची छोटी फिल्म केली. ठरावीक अंतराने एकेक चित्र घेऊन त्यांनी कोणत्याही डोळ्याला कधीच न दिसणारी गोष्ट दाखवली. साक्षीदार म्हणून कॅमेरा वापरणारा माणूस हे करणार नाही. ज्याला कॅमेरा आणि डोळा वेगळे आहेत हे कळले आहे तोच करेल.

६. गर्दी गळते, शिळा राहते

डब्याच्या कॅमेऱ्यात पडद्याऐवजी फोटोचा कागद लावला तर भर उन्हातही अर्धा-एक मिनिट भोक उघडे ठेवावे लागते. शनी अमावास्येला शिंगणापुरात लाखोंची गर्दी असते. त्या दिवशी अशा डब्यात काय उमटेल? पाच-साडेपाच फुटांची काळी शिळा उमटेल, चौथरा उमटेल. पुढे सरकणारी माणसे फिक्या धुक्यासारखी उरतील किंवा मुळीच उरणार नाहीत. फ्रेंच संशोधक नीप्सने १८२६-२७ च्या सुमारास घेतलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या उपलब्ध छायाचित्रात इमारतीच्या दोन्ही बाजूंना ऊन दिसते, कारण चित्र पूर्ण होईपर्यंत सूर्य एका बाजूने दुसरीकडे गेला होता. ही छायाचित्रे खोटी नाहीत. फोनने सेकंदाच्या हजाराव्या भागात गोठवलेला भाविकाचा चेहराही खोटा नाही. पण यांतले एकही चित्र "जे आहे तेच" नाही. प्रत्येकाने काळाचा एक तुकडा घेतला आणि बाकीचा सोडला. किती घ्यायचा हे कॅमेऱ्याने ठरवलेले नाही, माणसाने ठरवले आहे.

७. तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा येईल: डोळ्यात भिंग आहे, बुबुळाची झडप आहे, पडदा आहे, मग तो कॅमेरा नाही तर काय? रचनेत साम्य आहे, ते मी नाकारत नाही. पण कामात नाही. डोळ्यात सुमारे बारा कोटी प्रकाशग्राही पेशी आहेत आणि मेंदूकडे जाणारे तंतू फक्त दहा-बारा लाख. म्हणजे चित्र म्हणून ते पुढे जातच नाही. पटलावरच त्याची छाननी होते, कडा आणि बदल तेवढे पुढे पाठवले जातात. स्पष्ट दिसते ते सुमारे दोन अंशांत, हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत. बाकीचे स्पष्ट वाटते, कारण डोळा सेकंदाला सुमारे तीन उड्या मारत राहतो. एक जागा तर पूर्ण आंधळी असते आणि आयुष्यभर कळत नाही. असा कॅमेरा कोणी विकत घेणार नाही. तरी आपण त्याने पाहतो, कारण पाहणे हे चित्र मिळवण्याहून वेगळे काम आहे.

दुसरा आक्षेप: फोन इतका चांगला असताना पुठ्ठ्याचा डबा कशाला? फोन चांगला आहे म्हणूनच. आजचा फोन एका दाबात अनेक चित्रे घेतो, काळ्या शिळेसाठी एक, तळपत्या आकाशासाठी दुसरे, आणि ती जुळवून एक करतो. चेहरा ओळखून उजळ करतो. तो इतक्या गोष्टी निवडतो की निवडतो आहे हेच दिसत नाही. डब्यात एकच निवड आहे, भोकाची, आणि ती तुम्ही स्वतः सुईने केलेली असते. ज्याने एक निवड स्वतः केली आहे त्याला दुसऱ्याच्या शंभर निवडींचा संशय घेता येतो. खोट्या चित्रांचा सुळसुळाट झालेल्या या काळात हा संशय नागरिकाला मतदानाच्या हक्काइतका गरजेचा आहे, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो.

तिसरा आक्षेप कलावंतांचा: हे विज्ञान झाले, यात कला कुठे? डच चित्रकार व्हर्मीरने कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरला की नाही यावर अजून वाद चालतो, आणि चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी २००१ च्या पुस्तकात युरोपच्या अनेक थोर चित्रकारांनी भिंगे-आरसे वापरल्याचा दावा केला तेव्हा त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. त्या वादाच्या तळाशी एक चुकीची भीती आहे: यंत्र वापरले तर पाहणे उसने ठरेल. पण तिसऱ्या भागात दाखवल्याप्रमाणे अंधाऱ्या खोलीतले चित्रही पाहावे लागतेच, आणि ते उघड्या जगापेक्षा जास्त कष्टाने पाहावे लागते. छायाचित्रकार अबेलार्डो मोरेल १९९१ पासून शयनगृहे, हॉटेलच्या खोल्या अंधाऱ्या करून भिंतींवर, पलंगांवर पडलेल्या शहरांची छायाचित्रे घेत आले आहेत. आत आणि बाहेर एकाच पृष्ठावर आणणारे ते काम विज्ञान की कला, हा प्रश्न त्यांच्या छायाचित्रांपुढे उभे राहिल्यावर सुचतही नाही.

८. छिद्र कुठे ठेवायचे

शिंगणापूरकडे पुन्हा वळतो, कारण या गावाने एक मोठा प्रश्न न बोलता विचारला आहे. इथली परंपरा म्हणते की शनीची नजर आहे, म्हणून कुलूप नको. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने इथे कुलूप नसलेली म्हणून गाजलेली शाखा उघडली. सप्टेंबर २०१५ मध्ये पोलीस ठाणेही आले. आजूबाजूचे जग मात्र दुसऱ्या नजरेवर विसंबते: चौकातल्या कॅमेऱ्याच्या. या दोन भरवशांत पहिला भाबडा आणि दुसरा शास्त्रीय असे मानण्याची रीत आहे. मला ती मान्य नाही. श्रद्धेची नजर चित्र देत नाही, त्यामुळे तिच्या जोरावर कोणाला दोषी ठरवता येत नाही, हे खरे. पण भिंतीवरच्या कॅमेऱ्याला सगळे दिसते असे मानणे हीसुद्धा श्रद्धाच आहे, आणि ती आपल्या मर्यादा सांगत नाही. तो एका जागेवरून, एका कोनातून, कोणीतरी ठरवलेल्या चौकटीतून पाहतो. बाहेर काय राहिले हे त्याच्या चित्रात कधीच नसते.

जागा कोणाची, हा प्रश्न तर या गावात उघडपणे लढला गेला. १ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मंदिरप्रवेशात स्त्रियांना अडवता येणार नाही असे स्पष्ट केले, आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, चौथरा स्त्रियांना खुला झाला. तोवर शिळा तीच होती, ऊन तेच होते. स्त्रियांना ती खालूनच पाहता येत होती. प्रकाशाचे नियम कोणाला कुठून पाहू द्यायचे हे सांगत नाहीत. ते माणसे ठरवतात, आणि माणसांनाच बदलावे लागते. प्रत्येक छायाचित्रापुढे पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: छिद्र कोणी, कुठे ठेवले, आणि तिथे दुसऱ्या कोणाला उभे राहू दिले असते का?

९. काय करावे

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक शाळेने वर्षातून एकदा एक वर्ग अंधारा करावा आणि मुलांना त्यात अर्धा तास बसवावे. मेणबत्ती नको, बाहेरचे मैदान, झाड, जाणारी एसटी भिंतीवर येऊ द्यावी. शिक्षकाने पहिली दहा मिनिटे काही सांगू नये. चित्रकलेच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी हा तास मिळून घ्यावा, कारण तो दोघांपैकी एकट्याचा नाही. कलामहाविद्यालयांनी छायाचित्रणाच्या पहिल्या सत्रात विद्यार्थ्याच्या हाती कॅमेरा देण्याआधी त्याला एक डबा बनवायला लावावा. गोव्यात गोवा-कॅप या केंद्राने पिनहोल (सूचिछिद्र) आणि जुन्या छायाचित्रण पद्धतींच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. तसे काम प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकते. २००१ पासून एप्रिलच्या शेवटच्या रविवारी जगभर पिनहोल छायाचित्रण दिन पाळला जातो. आपल्याकडे तेव्हा सुटीही असते आणि ऊनही.

वाचकाला काही विकत घ्यावे लागणार नाही. बुटांचे खोके, आत काळा कागद, एका टोकाला शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्याचा तुकडा आणि त्याला सुईने पाडून बारीक पॉलिशपेपरने घासलेले भोक, दुसऱ्या टोकाला बटर पेपर, डोक्यावरून घ्यायला एक जाड चादर. सूर्याकडे मात्र भोकातून थेट कधीही पाहू नका. त्याचे चित्र पडद्यावरच पाहायचे. २१ मे २०३१ रोजी केरळ-तमिळनाडूत कंकणाकृती सूर्यग्रहण आहे. महाराष्ट्रात ते खंडग्रास दिसेल, भर दुपारी, सूर्य जवळजवळ डोक्यावर असताना, आणि त्या वेळी प्रत्येक कडुनिंबाखालचे सगळे कवडसे कोरीच्या आकाराचे असतील.